पत्तीला पाणी किती

पहिल्या दोन वर्षांत मी किती पत्त्या मारल्या ते मोजलं नाही आणि आता मोजणारही नाही. पत्ती म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधतात तो बोटभर लांबीचा चपटा काप. बोरूच्या जातीचं जाड, पोकळ गवत असतं, त्याला नळ म्हणतात, त्यापासून तो काढतात. टोकाशी कागदाइतका पातळ. फुंकर गेली की तो थरथरतो, आणि आपण ऐकतो तो आवाज त्या थरथरण्याचा असतो. बाकीचं काळं लाकूड आणि चकचकीत चाव्या हा सगळा बडेजाव.

वाद्य बाबांचं. सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी ते लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. मग डीजेच्या भिंती आल्या, बँड मोडला आणि बाबांनी क्लॅरिनेट रेक्झिनच्या पेटीत घालून कपाटावर टाकलं. मला डीजेचा राग होताच, बाबांचाही होता. माणूस एका शब्दाने भांडला नाही. मी नोकरीसाठी चेन्नईला निघाले तेव्हा कोणाला न विचारता पेटी उचलली. लहानपणी त्यांनीच शिकवलेल्या चार-पाच चाली हाताला होत्या. तेवढ्यावर मी निघाले.

नोकरी अंबत्तूरच्या औद्योगिक इस्टेटमध्ये, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. माझं काम मापायचं. माप चुकलं की तो भाग बाजूला, त्यात दयामाया नाही. हे काम मला आवडतं. पण माझं खरं काम पत्रकं लिहिणं. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते आणि वाटते. चेन्नईत आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी एन्नोरच्या कोळी वस्त्यांत जाणाऱ्या एका पथकाला चिकटले. आठजण होते. दोघे परै वाजवायचे. परै म्हणजे आपली हलगीच, जरा मोठी. बाकीचे गाणी म्हणायचे, छोटी नाटुकली करायचे. मी इंग्रजीत पत्रक लिहायचे, ते लोक त्याचं तमिळ करायचे आणि मग मी क्लॅरिनेट वाजवायचे.

पथक चालवायची ती तिथलीच एक कोळीण. तिला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. तिच्या सासूने खाडीत हातांनी चाचपून कोळंबी धरली होती आणि अक्का आता त्याच खाडीत उतरली तर पोटरीपर्यंत वीजकेंद्रांच्या कोळशाची राख लागते. तिथे आणखी एक राखेचं तळं करायचं घाटत होतं. कोणाचं, ते पत्रकात नावानिशी लिहिलं आहे, इथे लिहीत नाही. कायद्याने त्यासाठी लोकांची सुनावणी घ्यावी लागते. पहिली सुनावणी झाली तेव्हा वस्त्यांना पत्ताच नव्हता. शाळेच्या मैदानात मांडव होता, खुर्च्या होत्या, अधिकारी होते. लोक मोजकेच. इतिवृत्तात लिहिलं गेलं की स्थानिकांची विशेष हरकत नाही. रिकाम्या खुर्च्यांनी संमती दिली, असं मी पत्रकात लिहिलं. अक्काला वाक्य आवडलं, पण ती म्हणाली की वाक्याने खुर्च्या भरत नाहीत.

आम्ही तक्रारी केल्या, चकरा मारल्या, आणि सुनावणी पुन्हा घ्यायचं ठरलं. आता आमच्याकडे एकच काम होतं. त्या दिवशी सकाळपासून वस्ती-वस्तीतून चालत जायचं आणि लोकांना घराबाहेर काढून मैदानात न्यायचं. हे झालं नाही तर दुसऱ्यांदाही खुर्च्याच संमती देणार होत्या, आणि तिसरी संधी कोणी देणार नव्हतं.

आणि माझ्या पत्त्या मरत होत्या. विकतची नवी पत्ती आठ-दहा दिवस बरी वाजायची, मग आवाज घोगरा, मग नुसती हवा, मग एखाद्या सुरावर चिरका किंचाळा. नाटुकल्याच्या मध्यावर तो किंचाळा आला की समोरची पोरं हसायची. एकदा वापरून फेकून द्यायच्या वस्तूंविरुद्ध मी दोन पत्रकं लिहिली होती, आणि स्वतः प्लॅस्टिकच्या डबीतून आलेल्या परदेशी पत्त्या आठवड्या-आठवड्याला फेकत होते. अक्काने एका रविवारी मला बाजूला घेऊन सांगितलं. नुसतं परै ऐकलं तर लोक विचारतात कोणाकडे माणूस गेलं. त्यावर तुझी नळी वाजली की कळतं, आपलं पथक आलं. म्हणून नळी पाहिजे. पण खोकणारी नळी नको. सुनावणीच्या दिवशी ती खोकणार असेल तर आत्ताच सांग, मी तिसरं परै घेते.

मी सांगितलं, खोकणार नाही. कशाच्या जोरावर सांगितलं ते मला माहीत नव्हतं.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदाराने पत्ता दिला. अंबत्तूरलाच एक म्हातारे आहेत, स्वतः पत्त्या करतात, तुमच्याच भाषेचे आहेत, म्हणाला. गेले. तंजावरकडचं मराठी घर. पिढ्यान् पिढ्या तिकडे गेलेल्या. त्यांचे वडील नाचाच्या मेळ्यात क्लॅरिनेट वाजवायचे. हे स्वतः रेडिओत ध्वनिमुद्रणाच्या कामाला होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. मी सवयीने काका म्हटलं तर त्यांच्या बायकोने आतून येऊन हळूच सांगितलं की काका म्हणू नको, इथे काक्का म्हणजे कावळा, शेजारीण भिंतीवर बघायला येते. मामा म्हण. तेव्हापासून ते मामा आणि त्या मामी.

मामांची मराठी ऐकायला मला पहिले दोन दिवस कान वर करून बसावं लागलं. ते मला 'गे' म्हणून हाक मारत. 'मला' नाही, 'मज'. 'झाली' नाही, 'जाली'. चाल तमिळ, आणि मध्येमध्ये तमिळ शब्द, कुठे शिवण दिसणार नाही असे. मला दोन वर्षांत रिक्षावाल्याशी भांडण्यापुरती तमिळ आली होती, वाचता येत नव्हती. तरी मी निश्चिंत होते. मराठी माणूस मराठीत सांगणार, त्यात काय कळायचं नाही.

पहिल्या शनिवारी सकाळी त्यांनी मला वाजवायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "ओली कमी आहे गे."

पत्ती वाजवण्याआधी ओली करतात हे मला बाबांनी शिकवलं होतं. जिभेवर धरायची, मऊ झाली की बांधायची. तर ती कमी ओली होती. मी विचारलं, "अजून ओली करू?"

"आमा," ते म्हणाले, म्हणजे हो. "करायलाच पाहिजे. ओली नाही तर मग पत्तीचं काम काय?"

झालं. मी घरी येऊन पत्ती वाटीभर पाण्यात टाकली आणि अर्ध्या तासाने काढली. दुसऱ्या शनिवारी मामा म्हणाले, "ओली आणिक कमी जाली." मला आश्चर्य वाटलं, पण चेन्नईची हवा वेगळी, म्हातारा अनुभवी, असं म्हणून मी नवी पत्ती घेतली आणि कारखान्यात गेले की ती दिवसभर पाण्यात ठेवू लागले. संध्याकाळी ती भिजल्या पापडासारखी हातात यायची. वाजवली की ओठाखाली बसूनच जायची. तिसऱ्या शनिवारपर्यंत तिच्यावर करड्या रंगाचे ठिपके पडले. मी ठरवलं की वाटेत सुद्धा सुकू द्यायची नाही. लोणच्याची रिकामी बरणी घेतली, पाणी भरलं, दोन्ही पत्त्या त्यात सोडल्या, झाकण लावलं आणि बसने मामांकडे नेल्या.

मामींनी बरणी हातात घेऊन उजेडात धरली आणि विचारलं की हे कसलं लोणचं, मीठ घातलं का. मामांनी झाकण काढलं, वास घेतला आणि बरणी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी पाहिला, पण मी मागे हटणारी नाही.

"ही भिजिवली नाहीस," ते म्हणाले. "बुडिवलीस."

"तुम्हीच सांगितलंत."

"मी? मी कां सांगेन?"

"दर शनिवारी सांगितलंत. ओली कमी आहे, ओली कमी आहे. अजून ओली करू का विचारलं तर हो म्हणालात."

"मग तें तर खरंच. ओली कमी होती. आतां तर कांहीच राहिली नाही."

बरणीभर पाणी समोर, आणि हे म्हणतात ओली राहिली नाही. मला वाटलं एकतर यांचं वय झालं आहे, नाहीतर यांना आपली विद्या द्यायचीच नाही. मी दुसरं बोलून दाखवलं. मामा म्हणाले की ऐकायचं नसेल तर येऊ नको. मी मामींनी ओतून ठेवलेली कॉफी तशीच सोडून उठले. त्या घरातून कॉफी न पिता उठणं हा अपमान असतो, आणि तो करायचा म्हणूनच मी केला.

सुनावणीला पाच आठवडे उरले होते. त्या मंगळवारी पोलिसांकडून आमच्या अर्जाचं उत्तर आलं. चालायला हरकत नाही, अटी अशा-अशा. खाली एक ओळ जाड अक्षरात. अक्काच्या दारात आम्ही बसलो होतो, ती कागदावर बोट ठेवून एकेक शब्द मोठ्याने वाचत होती, कारण मला वाचता येत नव्हतं. त्या ओळीवर तिचं बोट थांबलं. ओलिपेरुक्कीला परवानगी नाही.

मी विचारलं, कशाला नाही. ओलिपेरुक्की, ती म्हणाली, लाऊडस्पीकर. रिक्षावर लावायचा होता तो नाही मिळणार. बाकीचे लगेच पोलिसांच्या नावाने बोलू लागले आणि एरवी मी त्यात सगळ्यात पुढे असते. पण माझ्या कानात तो शब्द अडकला. मी अक्काला म्हटलं, फोडून सांग. ती वैतागली. पेरुक्की म्हणजे वाढवणारं. ओलि म्हणजे सत्तम, आवाज. आवाज वाढवणारं यंत्र. आता कळलं का, की लिहून देऊ?

सत्तम हा शब्द मला माहीत होता, रस्त्यावर सगळे तोच म्हणतात. ओलि मी कधी ऐकला नव्हता. म्हणजे ऐकला होता. दर शनिवारी ऐकला होता.

मला हसू यायला हवं होतं. मला राग आला, आणि या वेळी तो कोणावर काढता येईना. जगातल्या दुसऱ्या कोणाकडून ही चूक झाली नसती. तमिळ माणसाला ओलि कळलं असतं. मराठी माणसाला मराठीच मास्तर भेटला असता. मराठी बोलणाऱ्या माणसाचा तमिळ शब्द मराठी समजून पाण्यात बुडवायला मीच लागत होते.

बुधवारी कारखान्यातून सुटल्यावर थेट मामांकडे गेले. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, मान वर केली नाही. मी उभ्यानेच विचारलं, "मामा, ओलि म्हणजे आवाज?"

"मग आणिक काय?"

"आमच्याकडे ओली म्हणजे भिजलेली."

पेपर खाली आला. "आमच्याकडे पण तेंच," ते हळूहळू म्हणाले. मामी आतून म्हणाल्या की यांच्या तोंडात रेडिओ शिरला तो निवृत्तीनंतरही निघाला नाही, साध्या माणसासारखं सत्तम म्हणायला काय होतं. मग मामा हसू लागले. खोकला येईपर्यंत हसले, मामींनी पाणी आणून दिलं, ते पितानाही पेल्यात हसले. मला म्हणाले की बैस. मी त्या दिवशी दोन पेले कॉफी प्यायले.

मग खरं शिक्षण सुरू झालं, आणि ते सगळं माझ्या स्वभावाच्या विरुद्ध होतं. पत्तीला पाणी लागतं ते दोन मिनिटांचं. टोक एवढंसं बुडवायचं, बस. वाजवण्याआधी चूळ भरायची, कारण कॉफीची साखर तिच्या रेषांत जाऊन बसते. वाजवून झाल्यावर वाद्याला बांधून ठेवायची नाही, काढायची, साध्या पाण्याखाली धरायची, बुडाकडून टोकाकडे अंगठ्याने पुसायची आणि काचेवर पालथी, उघडी ठेवायची. या दमट हवेत मिटलेल्या डबीत ठेवली की बुरशी आलीच. आणि एकच पत्ती रोज वाजवायची नाही. तीन तयार ठेवायच्या, पाळीपाळीने घ्यायच्या. एक वाजते तेव्हा दोघी विसावा घेतात, असं मामा म्हणायचे. मी म्हटलं हे तर आठ तासांच्या पाळीसारखं झालं. ते म्हणाले तुज भांडणाचंच सुचतं.

पण विकतची पत्ती कितीही जपली तरी ती दुसऱ्याने दुसऱ्याच्या ओठासाठी केलेली असते, आणि माझी फुंकर तिला जड होते, असं त्यांचं म्हणणं. मोकळ्या मैदानात पोहोचेल असा आवाज पाहिजे तर स्वतःच्या हाताने करावी. मी म्हटलं करू. पुढच्या रविवारी मी एन्नोरच्या खाडीकाठचं लव्हाळं कापून आणलं, दोन हात लांबीची मोळी. डोक्यात पत्रकही तयार होतं: खाडीचं गवत खाडीच्या बाजूने बोलणार. मामांनी एक काडी दोन बोटांत दाबली. ती चपटी झाली आणि त्यांच्या बोटांना करडी पूड लागली. ते म्हणाले ही जातच ती नव्हे, आणि असती तरी ओली आहे. मग थांबून म्हणाले, "तुझी ओली." खरा नळ कापल्यावर दोन-तीन वर्षं सुकवावा लागतो, तेव्हा कुठे त्याला कंठ फुटतो. तीन वर्षं. आमच्याकडे चार आठवडे होते.

मामांनी मग माळ्यावरून एक कापडी गुंडाळी काढायला सांगितली. आत सुकलेल्या नळाची नळी. कावेरीकाठची, अंगठ्यापेक्षा जाड, मधाच्या रंगाची, तपकिरी डागांची. किती वर्षांची ते त्यांनाही आठवत नव्हतं. चांगली अशी ती एकच उरली होती. मी नको म्हटलं. ते म्हणाले मी आतां तासभर वाजवूं शकत नाही, माझे दांत कोठे आहेत. तुझं भांडण मज कळत नाही. पत्ती कळते. चीर.

नळी उभी चिरली की चार काप होतात. म्हणजे चार पत्त्या, आणि एकही चुकायला जागा नाही. काचेवर पॉलिश पेपर ठेवून काप पाठीकडून घासायचा, इतका सपाट की काचेला चिकटला पाहिजे. हे मला जमलं. मापायचं काम करणाऱ्याला सपाट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मग कडा. मग सुरीने पुढचा भाग खरवडत टोकाकडे पातळ करत न्यायचा, मधोमध मात्र थोडं मांस राहू द्यायचं. मध्येमध्ये दिव्यासमोर धरून बघायचं. मध्ये सावली दिसते, कडेला उजेड.

पहिल्या कापाला मी कारखान्यातला माझा स्वतःचा मायक्रोमीटर घेऊन गेले. डाव्या कडेला जेवढं माप, तेवढंच उजव्या कडेला, केसाचाही फरक नाही. अशी पत्ती त्यांच्या सबंध आयुष्यात झाली नसेल याची मला खात्री होती. बांधली, फुंकली. डावी बाजू बोलते आणि उजवी गप्प. आवाज म्हणजे एका नाकपुडीतून घेतलेला श्वास.

मामांनी ती हातात घेतली, अंगठ्याच्या नखाने आधी एक कोपरा हलकेच दाबला, मग दुसरा. मलाही तसं करायला लावलं. एक कोपरा लवत होता, दुसरा ताठ.

"दोन्हीकडे माप सारखं नको गे," ते म्हणाले. "वाकणं सारखं पाहिजे."

लोखंड दोन्हीकडे सारखं असतं. गवत नसतं. एका बाजूला त्याच्या रेषा दाट, एका बाजूला विरळ, ते कसं वाढलं त्याप्रमाणे. सारखं वाकायचं असेल तर एकीकडे जास्त खरवडावं लागतं, एकीकडे कमी. मला हे पटायला दोन दिवस लागले. सगळ्यांना एकच माप लावा, हे मी आयुष्यभर मागत आले आहे. ती मागणी मी सोडलेली नाही. पण मायक्रोमीटर पिशवीत ठेवला.

पहिली गेली ती गेलीच. उरलेल्या तिघींवर मी पुढचे दहा दिवस काढले. दोन खरवडे, मग वाजवून बघायचं, मग थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, सुरी खाली ठेवून, दुसऱ्या दिवसापर्यंत. एकीचं टोक फारच मऊ झालं तेव्हा मी रडायच्या बेतात होते. मामांनी धारदार कात्रीने टोकाची केसभर किनार गोल कापली आणि ती पुन्हा ताठ झाली. मऊ पडलेल्या पत्तीला असं एक-दोनदा परत आणता येतं, फेकायची घाई नसावी. मग वाजवून तयार करायच्या. पहिल्या दिवशी प्रत्येकी दोन मिनिटं. दुसऱ्या दिवशी चार. मी म्हटलं अशाने सुनावणी होऊन जाईल. मामा म्हणाले एका दिवसांत पळविलीस तर एकाच दिवसांत मरेल. तुज ती एक दिवस पाहिजे की वर्षभर? मला ती एकच दिवस हवी होती, पण ती हवी म्हणजे हवी होती. मी दोन मिनिटं वाजवली आणि ठेवली. तिघींच्या बुडावर पेन्सिलने एक, दोन, तीन ठिपके काढले.

सुनावणीच्या दिवशी सकाळी सातला आम्ही पहिल्या वस्तीत होतो. समुद्राकडून जड, खारट वारा. मी चूळ भरली, एक ठिपक्याची पत्ती दोन मिनिटं पाण्यात धरली, बांधली. परैचे दोन ठोके पडले आणि मी फुंकलं. आवाज माझ्याच अंगावर आला. घरांच्या पलीकडे, जाळी वाळत घातलेल्या वाळूपर्यंत गेला. होडीपाशी बसलेल्या माणसाने मान वळवलेली मला दिसली. अक्काने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती चालू लागली.

दर वस्तीत पत्ती बदलत गेले. लोक आधी दारात आले, मग रस्त्यावर, मग आमच्या मागे. बायका मासळीच्या पाट्या तशाच डोक्यावर घेऊन निघाल्या. एका म्हातारीने मला थांबवून नळी बोटाने चाचपून पाहिली आणि विचारलं की यात बॅटरी कुठे घालतात.

मैदानाच्या अलीकडच्या वळणावर पोलिसांची गाडी आडवी उभी होती. साहेब उतरले आणि म्हणाले की आवाजाची परवानगी नाही, कागद आहे, बंद करा. मागे दोनशे पावलं रांग. ती तिथे थांबली असती तर अर्धी घरी गेली असती. माझी जीभ सळसळली, पण तमिळ मला भांडणाच्या मध्यावर सोडून जाते. अक्काने कमरेला खोचलेली परवानगीच्या कागदाची घडी काढली, उलगडली आणि त्यांच्याच ओळीवर बोट ठेवलं.

"साहेब, इथे ओलिपेरुक्की लिहिलंय. पेरुक्की कुठंय, दाखवा. ही नुसती ओलि आहे."

साहेबांनी कागद वाचला. माझ्याकडे पाहिलं, क्लॅरिनेटकडे पाहिलं, आत कुठे तार जाते का तेही पाहिलं. म्हणाले की एवढा आवाज कसा. अक्का म्हणाली, तिला विचारा, ती महिनाभर गवत खरवडत होती. हवालदार हसला. साहेबांना हसायचं नव्हतं, म्हणून त्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

मैदानात पोहोचलो तेव्हा तीन ठिपक्यांची पत्ती दमली होती, टोक लवायला लागलं होतं. चालेल तेवढी चालवली. खुर्च्या भरल्या, मग चटया, मग लोक कुंपणाला टेकून उभे राहिले. मी पत्ती काढून पुसली आणि क्लॅरिनेट खाली ठेवलं. माझं काम संपलं होतं.

टेबलामागे तीन अधिकारी, आणि कडेला लॅपटॉप घेऊन बसलेला एक कारकून. माइक त्यांच्यापुढे होता, आमच्यापुढे नव्हता. पहिलं नाव अक्काचं पुकारलं. ती टेबलापर्यंत गेली आणि सासूपासून सुरुवात केली, कोळंबी हाताला कशी लागायची तिथपासून. कारकून ऐकत होता, बोटं मांडीवर. अधिकारी म्हणाले की थोडक्यात सांगा, हरकत आहे की नाही एवढंच. अक्का थांबली. मागच्या सगळ्या मैदानाकडे तिने एकदा वळून पाहिलं आणि मग त्या कारकुनाकडे.

"आधी तू लिही," ती म्हणाली. "मी पहिल्यापासून सांगते."

त्याने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मैदानाकडे पाहिलं आणि लिही म्हणून मान हलवली. तो टाइप करू लागला. मी कडेला, त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण ओळी वाढताना दिसत होत्या.